भोंग्याच्या आधी

माइक लावला की भोंग्यातून एक शीळ निघायची, तापल्या पत्र्यावर नख ओढावे तशी. इतरांच्या कानांवरून ती वाऱ्यासारखी निघून जाई. माझ्या आठ वर्षांच्या लेकीच्या कानांत सुईसारखी शिरे. लेक स्वमग्न आहे. यवतमाळच्या डॉक्टरांनी मला ते सांगितले होते, आणि मी दिग्रसच्या तिच्या शाळेत.

त्या सकाळी मी तिला सोडायला गेले होते. परिपाठ सुरू होता. राष्ट्रगीत संपताच मुख्याध्यापक रांगेत शिरले. लेकीची दोन्ही मनगटे धरली आणि कानांवरचे हात खाली ओढले. ती किंचाळली. फाटकाशी उभी मी त्यांना दिसले. त्यांनी माइक घेतला.

"राष्ट्रगीताले कान झाकते तुमची पोरगी. तुमच्या वस्तीत हेच शिकवता काय? दिवाळीनंतर दुसरी शाळा पाहा."

मैदान हसले. आधी मुले. मग काही शिक्षकही. लेकीच्या वर्गशिक्षिका खाली बघत उभ्या होत्या.

रविवारी त्याच बाई माझ्या दारात आल्या. मी दार अर्धेच उघडले. गोड बोलून घराबाहेर काढणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या शब्दांना अत्तराचा वास येतो आणि अत्तराखाली घामाचा. बाईंना घाम तेवढा आला होता.

"सरांनी पाठवलं?"

"नाही जी. त्यायले मालूम पडलं तं मायी खैर नाही."

"मग त्या दिवशी गप्प काहून होत्या?"

"भेली मी, ताई."

खोटे असते तर उत्तर लांबले असते. तरी मी दार तेवढेच ठेवले.

"एक सांगू?" बाई म्हणाल्या. "गीत लागायच्या आधीच ती कान झाकते. शिपाई बटनाले हात लावते नं, तवाच. तिचं भांडण त्या भोंग्याशी हाये."

मला ते पटले. कारण घरी तेच गीत लेक गोधडीत शिरून म्हणते. हळू, एकही शब्द न गाळता. अर्धे बाईंनी पाहिले होते, अर्धे मी ऐकले होते.

तरी मी अट घातली. "पालकसभेत आधी तुम्ही बोलायचं. सरांसमोर. मग मी."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. हललेल्या मानेवर मी विश्वास ठेवत नाही.

सभेत माझी नजर बाईंवर होती. त्या उठल्या. पाहिलेले सगळे बोलल्या.

"मॅडम, तुम्ही शाळेच्या का त्यायच्या?" मुख्याध्यापक हसून म्हणाले.

"पोरगी माया वर्गातली हाये, सर."

कोणी हसले नाही. मग मी उठले.

"माझी लेक याच शाळेत शिकेल. परिपाठाला भोंग्यापासून दूर, ओसरीत उभी राहील. तिच्या अंगाला पुन्हा कोणी हात लावणार नाही. आणि वस्तीबद्दल जे माइकवर बोललात, ते माइकवरच परत घ्याल."

पंखा करकरत होता. बाई अजून उभ्या होत्या. उद्या उभ्या राहतील का, मला ठाऊक नाही. माझा संशय मी मोडीत काढलेला नाही. तो मला जागे ठेवतो. त्या बसल्या तरी मी उभी राहणार आहे. या सभेत, पुढच्या सभेत, लेक या फाटकातून शिकून बाहेर पडेपर्यंत.

मुख्याध्यापकांनी टेबलावर हात आपटला. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"बसा."

मी उभीच राहिले.