गुणाजी परबांनी वाचलेली लेबलं

गुणाजी परब मुलुंडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये अटेंडंट आहेत. एकतीस वर्षं झाली. शिक्षण दहावीपर्यंत. वडील गिरणीत होते, ती बंद पडल्यावर गुणाजींनी मिळेल ते काम केलं आणि शेवटी या लॅबमध्ये चिकटले ते चिकटलेच.

दर दिवाळीच्या सुट्टीत ते कपाटातली एकूणएक बाटली खाली काढतात, पुसतात आणि पुसट झालेलं लेबल काढून नवं डकवतात. लेबल स्वतः लिहितात, मोठ्या इंग्रजी अक्षरांत, एकेक अक्षर जुन्या लेबलावरून उतरवून. सगळ्याचा अर्थ कळतो असं नाही. पण कुठली बाटली उन्हात ठेवायची नाही आणि कुठल्या दोन शेजारी ठेवायच्या नाहीत, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

गेल्या मार्चमधली गोष्ट. त्यांची सून जान्हवी गृहकर्ज मागणाऱ्यांच्या पत्त्यांची घरोघर जाऊन पडताळणी करते. स्कूटी घेऊन विक्रोळी, घाटकोपर, भांडुप, दिवसभर उन्हात. गालांच्या हाडांवर तिला तपकिरी डाग आले होते. ते घालवायला तिने मोबाइलवर बघून बघून बरंच काही मागवलं होतं. एका रविवारी सकाळी ती चहा घ्यायला आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि नाकाच्या बाजूची कातडी सुटत होती.

"काय गो ह्यां? भाजलंस की काय?" गुणाजींची बायको शकु म्हणाली.

"काही नाही आई. असं होतं आधी, मग चेहरा साफ होतो."

गुणाजी पेपरात डोकं घालून बसले. सुनेच्या चेहऱ्याबद्दल सासऱ्याने काय बोलायचं, असं त्यांना वाटलं. पण मंगळवारी सकाळी बेसिनपाशी जान्हवी चेहऱ्यावर पाणी मारत रडताना दिसली. सनस्क्रीन लावल्याबरोबर आग आग झाली होती. नवरा देवेश कधीच कामाला गेला होता. तेव्हा मात्र गुणाजींना राहवलं नाही.

"संध्याकाळी त्या बाटल्या दाखव बघू मला," ते म्हणाले.

संध्याकाळी जान्हवीने प्लॅस्टिकची टोपली टेबलावर ठेवली. आत सहा वस्तू. गुणाजींनी त्या लॅबमधल्यासारख्या ओळीत मांडल्या, चष्मा लावला, वर मोबाइलचा टॉर्च धरला आणि बारीक अक्षरं वाचायला लागले.

"हे फेसवॉश. सॅलिसिलिक ॲसिड. आमच्याकडे तिसऱ्या कपाटात असतं, पांढरी पूड." दुसरी, टोनरची बाटली उचलली. "ग्लायकोलिक ॲसिड." तिसरी. "ह्या स्क्रबमध्ये अक्रोडाच्या सालीची भुकटी, आणि वर लॅक्टिक ॲसिड. ह्या चौथ्यात परत ग्लायकोलिक, आणि त्या टोनरपेक्षा बरंच जास्त."

"बाबा, ही चेहऱ्याला लावायचीच असतात."

"असतील. पण ॲसिडच ना? कुठलं कधी लावतेस?"

"फेसवॉश रोज दोनदा. टोनर झोपताना. स्क्रब एक दिवसाआड. ती चौथी रविवारी."

"म्हणजे एकावर एक?"

जान्हवीने मान डोलावली. चारही वस्तूंचं काम एकच, मेलेली कातडी काढायचं, हे तिच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. वेगवेगळ्या रंगांचे डबे, वेगवेगळी नावं.

"आमच्याकडे कुणी पोराने असं एकात एक ओतलं असतं ना, तर मॅडमनी त्याला बाहेर उभा केला असता," गुणाजी म्हणाले. जान्हवीला हसू आलं.

उरल्या दोन सनस्क्रीन. एक ती रोज लावायची, सकाळी आठला, चण्याएवढी, आणि मग चारपर्यंत परत नाही. दुसरी तिने एकदाच लावून तशीच ठेवून दिली होती, कारण चेहरा पांढराफटक दिसायचा. त्या दुसरीवर गुणाजींना ओळखीचं नाव दिसलं.

"झिंक ऑक्साइड! हे तापवलं की पिवळं होतं आणि थंड झालं की परत पांढरं. दरवर्षी पोरांना दाखवतो." मग ते रोजच्या सनस्क्रीनकडे वळले आणि अडखळले. एकेक नाव दीड ओळ लांब. "ही आमच्या कपाटात नाहीत. ही नकोच लावूस. आणि हे बघ, दोन्हींतही सिटिल अल्कोहोल. त्यानेच कातडी सुकली असणार."

"नक्की ना, बाबा?"

गुणाजींनी थोडा विचार केला. "नक्की नाही. उद्या विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी नावं कागदावर उतरवून रेवती मॅडमना दाखवली. त्या केमिस्ट्री शिकवतात. त्यांनी कागद नीट वाचला.

"ॲसिडांचं तुम्ही बरोबर पकडलंत. पण लांब नाव म्हणजे विष नव्हे, गुणाजी. हीच द्रव्यं उन्हाचे किरण शोषून घेतात, म्हणून तर घातलीत. धड कातडीला सहसा चालतात, सोललेल्या कातडीला झोंबतात. सध्या झिंकवालं बरं. आणि हे सिटिल अल्कोहोल मेणासारखं घट्ट असतं. कातडी मऊ राहावी म्हणून घालतात."

"म्हणजे मी काल चुकीचं सांगितलं."

"दोन गोष्टी चुकल्या. पण मी त्वचेची डॉक्टर नाही, तुम्हीही नाही. सुनेला डॉक्टरकडे पाठवा."

एकतीस वर्षं बाटल्या पुसून साधं अल्कोहोल ओळखता आलं नाही, याची गुणाजींना लाज वाटली. तरी घरी गेल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. "ते अल्कोहोलचं माझं चुकलं. लांब नावांचंही," असं सांगून टाकलं. जान्हवी शनिवारी डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी चारही वस्तू बंद केल्या. सहा आठवडे साधं मॉइश्चरायझर आणि झिंकची सनस्क्रीन, तीही दोन बोटं भरून, बाहेर असताना दर दोन तासांनी परत. नंतर हवं तर चारांतलं एकच ॲसिड, आठवड्यातून दोनदा.

पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकाने "मॅडम, पावडर जरा जास्त झाली" असं सांगितलं. जान्हवीने "असू दे" म्हणून फॉर्म पुढे केला.

बिल्डिंगमध्ये ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बायका ट्यूब घेऊन गुणाजींकडे यायला लागल्या. एकीने दोन आणल्या, एक दुसरीच्या तिप्पट किमतीची. गुणाजींनी दोन्ही वाचल्या. पहिली सात नावं तीच, त्याच क्रमाने.

"मग कुठली घेऊ, काका?"

"मी फक्त नावं वाचतो. घ्यायचं तुमचं तुम्ही ठरवा. अंगावर काही उठलं तर डॉक्टर."

जूनपर्यंत जान्हवीचा लालपणा गेला. डाग गेले नाहीत, फिकट झाले. वर्ष तरी लागेल आणि उन्हात फिरलीस तर परत येतील, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा तिने ऑफिसात जाऊन अकराच्या आतल्या भेटी मागितल्या. साहेबांनी कुरकुर केली आणि आठवड्यातले तीन दिवस दिले.

त्या तीन दिवशी ती साडेसातला निघते. गुणाजींचीही तीच वेळ, म्हणून ते स्कूटीवर मागे बसतात आणि कॉलेजच्या सिग्नलला उतरतात. पहिल्यांदा बसताना ते फार संकोचले होते. आता हेल्मेट स्वतःच बांधतात आणि खाली तिची वाट बघत उभे राहतात.