शून्यावरचा उजेड

मी काय काम करते हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा जिन्यात गाठून सरळच विचारलं, "दिवसभर दार लावून करतेस तरी काय गं?" म्हटलं, लॅपटॉपच्या स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो ना, तो नीट व्हावा म्हणून आत एक प्रोग्राम असतो, तो लिहिते. काकू कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बटण असतं की त्याला."

आता काय बोलायचं! बटण असतं, खरंय. पण ते दाबलं म्हणून दिवा कमी होत नाही हो. बटण नुसतं सांगतं. ते ऑपरेटिंग सिस्टम ऐकते, ती ग्राफिक्स ड्रायव्हरला, म्हणजे मी लिहिते त्या प्रोग्रामला, सांगते, आणि ड्रायव्हर स्क्रीनच्या मागच्या दिव्याला एक आकडा देतो. आकडा लहान, तर उजेड मंद. आकडा मोठा, तर लख्ख. ही मधली सांगासांगी कुठंही बिघडू शकते. काही लॅपटॉपमध्ये बटण एकाला सांगतं आणि दिवा दुसऱ्याच्या ताब्यात असतो, मग दाबत बसा जन्मभर. मी हे निस्तरते. काकूंना यातलं काही सांगितलं नाही. "हो, असतं बटण," म्हटलं आणि घरात येऊन दार लावलं.

सिडकोतल्या या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. का, ते इथं सांगत बसत नाही. सकाळी वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसेस येऊन गेल्या की बिल्डिंग रिकामी होते. मग नळाला पाणी आलं असेल त्या दिवशी मोटारीचा आवाज, नाहीतर काही नाही. माझ्या कामातली माणसं जगभर विखुरलेली. मीटिंगला कॅमेरा कुणी लावत नाही, प्रत्येकाच्या जागी एका गोलात एक अक्षर. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो. पार्सलवाला फोनवर म्हणतो, "मॅडम, खाली वॉचमनकडे ठेवलंय." कित्येक दिवस असे जायचे की माझं तोंड एकाही माणसानं बघितलेलं नसायचं. मला एकटेपणाचं कौतुक नाही. खायला उठतो तो.

म्हणून संध्याकाळचा फोन. त्याच्यावर माझा दिवस टांगलेला असायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सोयगावला राहतात. आई गेल्यापासून तेही एकटेच. आयुष्यभर बाजारात कापसाचा हर्रास बोलले. बोली लावताना त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायचा, आणि तो तिथूनच भाव ओरडून चेष्टा करायचा. त्या माणसाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. तेव्हापासून एक अक्षर नाही. नुसता श्वास.

आता मुक्या माणसाशी फोनवर काय बोलणार? मोबाईल देऊन बघितला, पण शेतात आणि कापसात घट्टे पडलेली त्यांची बोटं त्या काचेला कळायचीच नाहीत. दाबून दाबून वैतागले आणि मोबाईल गादीखाली सारला. मग मी माझा जुना लॅपटॉप नेऊन दिला. त्यात अशी सोय केली की तो चालू केला आणि माझा फोन आला की आपोआप उचलला जावा. दादांनी फक्त समोर बसायचं. शेजारी पाटी आणि खडू. मी बोलायची, ते पाटीवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचे. लिहिणंही बोलण्यासारखंच, तोडून. "जेवली का." "व्हय." "नाय." "लई बडबड करती."

दिवेलागणीची वेळ आमची ठरलेली. दादा तेव्हा ट्यूब लावत नाहीत, डोळ्यांना खुपते असं लिहितात. अंधारत्या खोलीत स्क्रीनच्या उजेडात त्यांचा चेहरा तेवढा दिसायचा. फोन संपत आला की ते एक गोष्ट न चुकता करायचे. माउसनं उजेडाची पट्टी शोधायची, बाण ओढत ओढत तिच्या टोकापर्यंत न्यायचा, उजेड पार बारीक करायचा, मग हात जोडायचे आणि मगच लॅपटॉप बंद.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हसून लोळले होते. "दादा, अहो त्याला काय रॉकेल लागतं का?"

त्यांनी लिहिलं, "सवय हाय."

होतीच सवय. आमच्या घरी वीज फार उशिरा आली. तोवर कंदील. आणि कंदील कधी फुंकून टाकायचा नाही, उठताना आधी वात बारीक करायची, हात जोडायचे आणि मग काय ते, ही दादांच्या आईची शिस्त. अख्खं घर ती पाळायचं. वीज आली, कंदील माळ्यावर गेला, दादांच्या हातातली वात काही गेली नाही. ती त्यांनी लॅपटॉपमध्ये शोधून काढली. जाऊ दे म्हटलं, म्हातारा माणूस, काय बिघडतंय?

नव्हतंच काही बिघडत. त्या लॅपटॉपमधल्या जुन्या सिस्टमला एक अक्कल होती. पट्टी कितीही खाली ओढा, दिवा पूर्ण बंद व्हायचा नाही. थोडी धुगधुगी राहायची.

त्यानंतरच्या दिवाळीला मी सोयगावला गेले तेव्हा लॅपटॉप फार रखडत होता, म्हणून बसल्या बसल्या नवी सिस्टम घातली. नव्या ड्रायव्हरमध्ये शून्य म्हणजे शून्य. पट्टी टोकाला नेली की मागचा दिवा साफ बंद. यावर आमच्या मेलांमधून मोठं भांडण झालेलं होतं. मी एकटी एका बाजूला होते. मी म्हणत होते, शून्यालासुद्धा थोडा उजेड ठेवा. समोरचे म्हणत होते, माणसानं शून्य मागितलं तर शून्यच द्यायला हवं, आपण कोण ठरवणारे? आणि एकानं मला विचारलं, स्वतःहून उजेड शून्यावर नेऊन लॅपटॉप बंद करणारा एक तरी माणूस दाखवा. मला तेव्हा कुणी आठवला नाही. आज विचार करते, समोर होता की! पण कामातला लॅपटॉप वेगळा आणि दादांचा वेगळा, अशा दोन कप्प्यांत माझं डोकं चालत होतं. आता मी त्याला उत्तर पाठवलंय: माझे वडील. चर्चा अजून चालू आहे.

शून्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण दुसरीही एक सोय आहे. बंद करताना उजेडाचा जो आकडा असेल, तोच पुन्हा चालू करताना लावायचा. चांगली सोय, माणसाला रोज उठून पट्टी ओढायला नको. म्हणजे शून्यावर बंद केलेला लॅपटॉप उठतो तोही शून्यावरच. आतलं सगळं नीट चालू, कॅमेरा चालू, आवाज चालू, चित्रसुद्धा काचेवर उमटलेलं. फक्त मागं दिवा नाही. समोरच्या माणसाला ती काळी फरशी. आणि पट्टी परत वर ओढायची तर ती दिसायला तर हवी! त्या लॅपटॉपवरची उजेडाची बटणं तर पहिल्यापासून मेलेली.

दादांच्या लॅपटॉपचं असं झालंय हे मला ठाऊकच नव्हतं. दिवाळीला निघताना दादांशी माझं वाजलं होतं. इकडं माझ्याकडं राहायला या म्हणून मी किती वर्षं सांगतेय, पण हे आपले "नाय" लिहून पाटी पालथी घालणार. शेवटी चिडून म्हटलं, "ठीक आहे. आता हे यंत्र परत अडलं ना दादा, तर मी ऐकणार नाही. लॅपटॉप आणि तुम्ही, दोघांना गाडीत घालून घेऊन जाणार. सांगून ठेवते." बोलून गेले. बोलते मी तशी.

त्यानंतरही फोन रोज होत होते. मी बोलत होते, दादा मान हलवत होते, लिहीत होते. खोली पूर्वीपेक्षा काळोखी दिसायची, दारातून येणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडात दादा तेवढे कळायचे, पण म्हटलं थंडीचे दिवस, लवकर मावळतं. सुरुवातीला एकदोनदा त्यांनी माझ्याकडं बॅटरी मारली. हातातली, पिंपात डोकावताना वापरतात ती. कॅमेऱ्यात पांढरा झोत आला आणि मी खेकसले, "काय करताय दादा! डोळे गेले माझे, बंद करा ती." त्यांनी लगेच बंद केली. मग परत कधी मारली नाही.

मी त्यांना काय काय दाखवलं त्या दिवसांत. खांद्यापर्यंत कापलेले केस दाखवले. "कसे दिसतात?" त्यांनी अंगठा वर केला. नवे पडदे दाखवले. वांग्याची भाजी वाटीत घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली. अंगठा. मला बरं वाटायचं. दिवसभर कुणी नाही, पण एक माणूस तरी आपल्याला रोज बघतोय, केस कापले तर त्याला कळतंय. एवढ्या बळावर मी हिवाळा काढला.

मग एके दिवशी दुपारी फोडणी करताना तेल उडालं आणि डाव्या हाताची पाठ चांगलीच भाजली. स्वतःच नळाखाली धरला, स्वतःच मलम लावलं, दातांनी धरून पट्टी बांधली. रडले नाही. राखून ठेवलं होतं म्हणा. संध्याकाळी फोन लावला, उचलला गेला, दादा समोर आले. मी काही बोललेच नाही. पट्टी बांधलेला हात नुसता उचलून समोर धरला आणि वाट बघत बसले, की आता ते दचकतील, पुढं सरकतील, घाईघाईनं पाटी ओढतील.

दादा शांत बसलेले. तोंडावर हलकं हसू. कान जरा पुढं केलेला.

मी हात आणखी जवळ नेला. काही नाही. तेच हसू, तेच वाट बघणं. माझं टाळकं सटकलं. "दादा! इतका मोठा हात धरलाय समोर, दिसत नाही का?"

ते हसायचे थांबले. मग पाटी पुसली, लिहिली आणि वर धरली. अंधारात खडूचं अक्षर जेमतेम वाचता आलं.

"नाय."

"नाय म्हणजे? काय दिसत नाही?"

"तू."

"कधीपासून?"

"दिवाळी."

मग हळूहळू सगळं लिहून घेतलं त्यांच्याकडून. तू गेली आणि पडदा काळा झाला. आवाज येत व्हता. बॅटरी मारली की तुझी सावली दिसायची. तुझे डोळे दुखले म्हणून सोडलं. आणि सांगितलं का नाही, तर: "तू घेऊन गेली असती."

म्हणजे माझे केस कुणी बघितले नव्हते. पडदे नाही, भाजी नाही. एवढे दिवस मी एका आंधळ्या काचेला सगळं दाखवत होते, आणि दादा त्याच काचेसमोर रोज अंघोळ करून, टोपी घालून बसत होते, मला दिसावं म्हणून. मला भयंकर एकटं वाटलं. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी, दोघांसाठी.

"बसा तिथंच. हलू नका," म्हटलं. त्या लॅपटॉपमध्ये इथून शिरायची वाट मी आधीच करून ठेवलेली होती, पण कधी गरज पडली नव्हती. शिरले. दिव्याचा आकडा बघितला. शून्य. अगदी माझ्या भांडणातलं शून्य. एका हातानं टाईप करत आधी उजेडाच्या पट्टीला खाली एक अडसर घातला, की याच्याखाली जायचंच नाही. मग आकडा एकदम मोठा नाही केला, दादांचे डोळे दिपले असते. थोडा वाढवला. आणखी थोडा.

आणि माझ्या स्क्रीनवर काळोखात दादांचा चेहरा उजळायला लागला. आधी नाक, मग टोपीची कड, मग गाल. तो उजेड मी इथून, सिडकोतून, आकड्यानं वाढवत होते. इतकी वर्षं हेच काम करतेय, पण तो उजेड पलीकडं कुणाच्या तोंडावर पडतो हे कधी बघितलं नव्हतं.

दादा डोळे बारीक करून पुढं आले. बघत राहिले. पाटी पुसायलाही विसरले, बाहीनं पुसली.

"लई वाळलीस."

"काही नाही हो, केस कापलेत ना, म्हणून तसं वाटतं."

त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. परत लिहिलं. "हात दाखव."

हात मी मांडीवर घेऊन बसले होते. वर केला. त्यांनी घट्टे पडलेलं बोट काचेवर नेऊन माझ्या हाताच्या पट्टीवरून हळू फिरवलं, आणि मग मात्र मी मोठ्यानं रडले. दुपारचं, हिवाळ्याचं, सगळं. रडू दिलं त्यांनी मला.

बऱ्याच वेळानं म्हटलं, "दादा, ऐका. मी तुम्हाला घेऊन जाणार नाही. यंत्र अडलं तर सांगत जा. मीच येईन."

"व्हय," त्यांनी लिहिलं.

मग नेहमीसारखा त्यांचा हात माउसकडं गेला. उजेडाची पट्टी शोधली, बाण खाली, खाली, टोकापर्यंत. चेहरा अंधुक होत गेला आणि धुगधुगीवर येऊन थांबला. दादांनी हात जोडले. बंद करायला बोट पुढं नेलं, आणि थबकले. काचेकडं वाकून बघितलं. मग पाटी घेतली आणि अगदी कॅमेऱ्याला टेकवून धरली, त्या एवढ्याशा उजेडात मला वाचता यावी म्हणून.

"अजून दिसतीस."