शेवंडीचं सँडविच, घरच्या घरी

कारखान्याच्या डॉक्टरांनी तिच्या दम्याचं कारण शोधून काढलं होतं, आणि ते कारण म्हणजे तिचा नवरा होता.

पत्रात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. "सदर महिलेचे पती घरी शिवणकाम करतात. कापडाच्या धुळीमुळे श्वसनाचा त्रास संभवतो. शेडमधील कामाशी संबंध आढळत नाही." खाली सही, शिक्का. रविवारी अकरा वाजता डॉक्टर स्वतः घर बघायला येणार होते. दोष घराचा ठरला तर तिला कामाला अयोग्य म्हणून कायमचं घरी बसवणार. शेडचा ठरला तर वाफेपासून लांब, पॅकिंगच्या खोलीत बदली द्यावी लागणार, तसा नियमच होता. म्हणजे तेवीस वर्षांच्या नोकरीचा निकाल एका माणसाच्या एका फेरीवर येऊन ठेपला होता, आणि तो माणूस पगार कुणाचा घेत होता हे सांगायला नकोच.

शेडमध्ये तिला सगळे तोफ म्हणत. आवाजच तसा होता. मोठमोठ्या कढयांत शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, उकळायच्या, वाफेने समोरचं माणूस दिसायचं नाही, मोटारी घरघरायच्या, आणि त्या सगळ्यावर हिचा आवाज या टोकापासून त्या टोकाला ऐकू जायचा. हातमोजे फाटके आले की तोफ सुरू. बसायला स्टूल काढून नेलं की तोफ सुरू. हात मात्र तोंडापेक्षा वेगात चालायचा. शेवंडीची शेपटी पिळून वेगळी करायची, पोटाकडचं कवच कात्रीने उभं कापायचं, मांस सबंध बाहेर काढायचं, पाठीतली काळी शीर ओढून टाकायची, की पुढची. मांस जायचं डब्यात, डबे जायचे मोठ्या शहरांतल्या दुकानांत. डब्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि मागे कृती छापलेली होती: "घरच्या घरी शेवंड सँडविच, फक्त दहा मिनिटांत!"

ते वाचलं की तिचं डोकं फिरायचं. दहा मिनिटं म्हणे!

नऊ वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला तेव्हा ती म्हणाली, सर्दी आहे. मग छातीत शिट्टी वाजायला लागली, तरी सर्दीच. आता अशी वेळ आली होती की कढईचं झाकण उघडलं की दहा पावलांवर तिचा श्वास अडकायचा, आणि तोफेच्या तोंडून साधं "अगं" बाहेर पडेना. रजेवर असली की ठणठणीत. शेडमध्ये पाऊल टाकलं की पुन्हा तेच. आंधळ्यालाही दिसावं इतकं हे उघड होतं. फक्त डॉक्टरांना दिसत नव्हतं.

पण तिची तळपायाची आग मस्तकात गेली ती स्वतःसाठी नव्हे. पत्र आलं त्याच संध्याकाळी नवऱ्याने शिलाई मशिनवर चादर टाकली आणि शिवायला आलेले कपडे लोकांना परत करून आला. मग भिंतीला टेकून बसला. तो मुळात गरीब गाय. उभ्या जन्मात कुणाशी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

"माझ्यामुळे झालं गं," तो म्हणाला. "मीच तुला धूळ खायला घातली."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"डॉक्टर शिकलेले आहेत. उगाच कसं लिहितील?"

आठ दिवस ती सक्तीच्या रजेवर घरी होती, आणि आठ दिवस ते मशिन मढ्यासारखं पांढऱ्या चादरीखाली पडून होतं. येता-जाता तिची नजर तिकडे जायची आणि राग नव्याने उकळायचा. कुणाच्या घरात शिरून कुणाला दोषी ठरवायचं, याची काही लाज?

शनिवारी तिने धाकट्या जावेला बोलावलं. जाऊ त्याच शेडमध्ये, तिच्यापासून दोन जागा सोडून बसायची. बाई कामाला वाघ, पण साहेबांपुढे मूग गिळून बसणारी.

"उद्या सकाळी धक्क्यावर जा आणि दोन जिवंत शेवंडी आण. पावती घे, विसरू नकोस."

"ताई, वेड लागलंय का? घरात शिजवणार? जीव जाईल तुमचा!"

"दम्याचा पंप आहे की हाताशी. आणि पाव आण, लोणी आण. पाहुणा येतोय, उपाशी कसा पाठवायचा?"

डॉक्टर अकराला हजर झाले. नाकासमोर रुमाल, हातात वही. फळीवरून बोट फिरवून पाहिलं, खाटेखाली वाकून पाहिलं. काही सापडेना, कारण तिने घर दोनदा धुऊन काढलं होतं. शेवटी त्यांनी चादर उचलली, मशिनच्या पोटात बोट घातलं आणि बोटाला लागलेला धाग्याचा भुगा असा काही वर धरला की जणू हरवलेली अंगठीच सापडली. मग तिची छाती तपासली.

"अगदी साफ! बघा बाई, आठ दिवस मशिन बंद आणि छाती मोकळी. मी काय लिहिलं होतं?"

नवऱ्याने मान खाली घातली. ती मात्र हसली, आणि तिचं ते हसू ओळखणारी जाऊ दोन पावलं मागे सरकली.

"आठ दिवस शेडही बंदच होती की मला," ती म्हणाली. "अहो, शिवायला बसा. ते जाड गोधडीचं कापड घ्या. डॉक्टर, तुम्ही घड्याळ बघा. दहा मिनिटं."

नवरा बावचळला. "नको गं, तुला त्रास—"

"बसा म्हणते ना!"

तो बसला. मशिन खडखडायला लागलं. ती त्याच्या शेजारी, अगदी सुईवर तोंड नेऊन बसली आणि मोठमोठे श्वास घेतले. दहा मिनिटांनी डॉक्टरांनी पुन्हा छातीला नळी लावली. दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. काहीच नव्हतं.

"आता जरा बसा," ती म्हणाली. "काहीतरी खाऊन जा."

डॉक्टर नाही म्हणायच्या आत ती ओट्यापाशी पोहोचली होती. मिठाचं पाणी खदखदत होतंच. तिने कारखान्याचा रिकामा डबा डॉक्टरांसमोर ठेवला, हसऱ्या बाईचं चित्र त्यांच्याकडे करून, आणि शेवंडी पाण्यात सोडल्या. खिडक्या सताड उघड्या होत्या. जाऊ एकीकडे लोण्यात पाव भाजत होती.

दहा मिनिटांनी झाकण उघडलं. वाफ वर आली. ती मुद्दाम हलली नाही.

पहिली शेपटी तिने पिळून काढली, कवच कापलं, मांस सबंध बाहेर आलं. दुसरी काढेपर्यंत शिट्टी वाजायला लागली होती. पायांतलं मांस कारखान्यात फुकट जातं. जावेने ते पाय ओट्यावर ठेवून वरून लाटणं फिरवलं, तशी आतून मांसाची बारीक कांडी सरकत बाहेर आली. मग तोफेने मांसाचे जाडसर तुकडे केले, लिंबू पिळलं, मिरपूड घातली. ओठ निळसर पडले होते. पण तेवीस वर्षांचा सराव श्वासावाचूनही चालतो. सगळं पावात भरलं, तिरकं कापलं आणि बशी आणून डॉक्टरांच्या पुढ्यात आदळली. मग त्यांच्या गळ्यातली नळी स्वतःच ओढून आपल्या छातीवर धरली.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. छातीत काय चाललं होतं ते ऐकायला नळीची गरजच नव्हती. नवरा पंप घेऊन धावला. पंपाचे दोन दाब, मग आणखी दोन. हळूहळू श्वास वाटेवर आला.

डॉक्टरांनी घाम पुसला. मग वही उघडली आणि लिहिलं. नवऱ्याने खांद्यावरून वाकून ते मोठ्याने वाचलं: "रुग्ण महिला घरी शेवंड शिजवते, व त्यामुळे तिला दम लागतो. कारण घरगुती."

तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. एरवी या एका वाक्यावर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिच्या छातीत शिवी देण्याइतकीही हवा नव्हती, आणि त्या रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओट्यावरचं लाटणं उचललं. डॉक्टर खुर्चीसकट मागे सरकले. पण तिने लाटण्याने भिंतीकडे दाखवलं.

भिंतीवर एक चौकट होती. नवऱ्याला कळलं. त्याने ती उतरवली, बाहीने काच पुसली आणि डॉक्टरांच्या वहीवर ठेवली. आणि उभ्या जन्मात कुणाशी चढ्या आवाजात न बोललेला तो माणूस गरजला.

"वाचा! तुमच्याच कारखान्याने दिलंय. वीस वर्षं रोज फाटकावर झडती, पिशवी, डबा, खिसे. वीस वर्षांत एकदाही शेवंडीचा तुकडा घरी नेला नाही, म्हणून मानपत्र! मॅनेजरची सही आहे. आणि आजच्या दोन शेवंडींची ही पावती, तारखेसकट. या घरात आज पहिल्यांदा शिजली ती. मग नऊ वर्षं हिने वाफ खाल्ली कुठे? माझ्या मशिनमध्ये?"

डॉक्टरांनी चौकट उचलून सही पाहिली. मॅनेजरची सही खोटी म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि खाली नवीन लिहिली: शेवंडीच्या वाफेमुळे दम लागतो, प्रत्यक्ष पाहिले, वाफेपासून दूर बदली करावी. सही केली. नवऱ्याने ती ओळ दोनदा वाचली, मग जाऊन मशिनवरची चादर घडी करून कपाटात ठेवली.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. सँडविचला कुणी हात लावला नव्हता. तिला तर एक घासही चालणार नव्हता; तेवीस वर्षं जे सोललं त्याची चव आता या जन्मात कळायची नव्हती.

तेवढ्यात ओट्यापाशी जाऊ खोकली. तोंडावर हात दाबून, कुणाला ऐकू जाऊ नये असं. पुन्हा खोकली. आणि त्या खोकल्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी वाजली.

तिने मान वळवली. जाऊ घाईघाईने म्हणाली, "काही नाही ताई, सर्दी आहे."

तोफेचा आवाज अजून पुरता परतला नव्हता, पण होता तेवढा पुरला.

"डॉक्टर, पेन उघडा. आता हिची छाती ऐका."