शिवप्पा हवालदारांची गिनती

शिवप्पा हवालदारांनी नांदेडच्या जेलात तेहतीस वर्षं काढली. अर्थात कैदी म्हणून नव्हे, पहारेकरी म्हणून. गल्लीत नवा भाडेकरू आला की एवढं मात्र आधी समजावून सांगावं लागे. गडी देगलूरकडचा, कपाळावर इभूत, मनानं लोण्याचा. पण आवाज असा की गल्लीतली कुत्री निमूट रांगेत उभी राहावीत.

जेलात संध्याकाळी बराकी बंद करण्याआधी कैदी मोजायचे आणि आकडा जुळल्याबिगर कुलूप घालायचं नाही, हा तिथला नियम. हवालदारांनी तो घरीही आणला. घरी असले की दिवेलागणीला दाराच्या कडीवर हात ठेवून मोजायचे. बायको शरणम्मा, मुलगा शिवप्रसाद, सून ऋतुजा, नात तनुजा. "चार. बरोबर." मग कडी. घरात ताटं पाच आणि गिनती चार, हे कुणाला खटकायचंही नाही. मोजणारा स्वतःला धरत नाही, ही जेलची रीत.

रिटायर व्हायला सहा-सात महिने उरले तसे पेन्शनचे कागद निघाले. बाकी सगळं झटपट झालं, अडलं ते फोटोवर. नवराबायकोचा एकत्र फोटो लावायचा होता, आणि ह्या जोडीचा लग्नानंतर एकही फोटो नव्हता. दर सणाला हवालदार ड्यूटीवर, तर बाई फोटो काढणार कुणाशेजारी उभी राहून? म्हणून तर शरणम्मा हौसेनं तयार झाली, पेटीतलं इरकल बाहेर काढलं. तेवढ्यात ऑफिसातल्या बालाजी कारकुनाला अक्कल पाजळायची हुक्की आली. फोनवर त्यानं सांगून टाकलं की काकू, हा फोटो तुमच्याच भल्याचा, साहेबांच्या माघारी तुम्हाला पेन्शन मिळावी म्हणून.

झालं! इरकल परत पेटीत. मालक चांगले धडधाकट असताना त्यांच्या माघारीच्या कागदावर नटूनथटून बसायला मी काय कैदाशीण हाय का, असं म्हणून तिनं पाठ फिरवली ती आठ दिवस. मुलानं समजावलं, नातीनं लाडीगोडी लावली, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. ऋतुजा म्हणाली, दोघांचे वेगवेगळे फोटो मी मोबाइलवर जोडून देते. त्यावर हवालदार खवळले. असले जोडलेले कागद करणाऱ्यांवरच उभा जन्म पहारा केला, आता जाताजाता त्यांच्याच रांगेत बसू काय, म्हणाले.

वरून खेकसत होते, पण आतून त्यांना घोर लागला होता. कागदावर बायकोचं नाव नीट चढलं नाही तर आपल्यामागं तिला ऑफिसांचे उंबरे झिजवावे लागतील. सोबतच्या हवालदारांच्या माघारी त्यांच्या बायका तशा हेलपाटे घालताना त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पण हे तिला सांगायचं तरी कसं? सांगायला गेलं की तेच अभद्र तोंडात येणार.

सोमवारी कागद द्यायचे होते. रविवारी दिवेलागणीला हवालदारांनी कडीवर हात ठेवला आणि सवयीनं मोजलं. "चार. बरोबर."

शरणम्मा लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "चूक. पाच."

"अगं, मोजणारा धरत न्हाईत."

"जेलात न्हाई धरत. ह्या घरात मी रोज धरून राहिले. तुम्ही ड्यूटीवर असला तरी तुमचं ताट मांडलं. आन् तुम्ही निघाले मला एकटीला मोजायला."

कडी सोडून हवालदार तिच्यापुढं खाली बसले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला घरानं कधी ऐकला नव्हता.

"शरणे, ती पेन्शन आधी मी खाणार हाय, चांगली वीस-पंचवीस वर्षं. आन् त्या फोटोत तू एकटी न्हाईस. एकटीचा चालतच न्हाई. सरकारनंच सांगितलंय, दोघं शेजारी पायजेत."

तिनं आणखी दोन पाकळ्या सोलल्या. मग विचारलं, तुम्ही वर्दी घालणार का साधा सदरा? हवालदार समजले, गड सर झाला.

फोटो कसा निघाला म्हणता? हवालदार सावधानमध्ये ताठ, फोटोवाला हसा हसा म्हणून दमला. शेवटी शरणम्मानं कोपरानं ढोसलं तेव्हा कुठं दात दिसले. एक प्रत कागदाला लागली, दुसरी मोठी करून भिंतीवर चढली.

रिटायर झाले त्या दिवशी संध्याकाळची शेवटची गिनती हवालदारांनी हट्टानं स्वतः केली. आकडा जुळला. मग शाल, नारळ आणि न संपणारी भाषणं. गल्लीत पोचेपर्यंत दिवेलागण टळून गेली होती. घराचं दार उघडंच होतं. कडीवर हात ठेवून शरणम्मा उभी, मागं पोरगा, सून आणि नात ओळीनं.

"कवाची मोजून राहिले," ती म्हणाली. "मला धरून चारच भरतेत. मग कडी कशी लावू?"

बूट काढून हवालदार आत आले आणि नातीच्या शेजारी ओळीत उभे राहिले. शरणम्मानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि कडी लावली.