फालसा आणि पाहुण्यांचं धोतर

फालशाचं झुडूप मेलं म्हणून मी ते दोनदा उपटायला निघालो, आणि दोन्ही वेळा ते जिवंत होतं. दर हिवाळ्यात त्याची पानं गळत आणि नुसत्या काड्या उरत. "झोपलं हाय ते दादा, झोपू दे," म्हणत माझी धाकटी बहीण कमल हातातली कुदळ काढून घेई.

महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या उमरखेडच्या अंगणातलं ते झुडूप चैत्रात पिवळ्या फुलांनी भरलं, वैशाखात जांभळ्या फळांनी. गावातले झाडून सगळे बुलबुल आमच्याकडे मुक्कामाला आले. नेमके त्याच आठवड्यात कमलला बघायला राजूरकडून मुलाचे वडील आले. आधीची दोन स्थळं काही न कळवता गप्प बसली होती, त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागला होता.

पाहुणे संध्याकाळी एसटीतून धुळीने माखून उतरले. सकाळी विहिरीवर आंघोळ केली, धोतर स्वतःच धुतलं आणि मला विचारलं, "वाळू कुठं घालू?"

मी मोठ्या अगत्याने फालशाखालची दोरी दाखवली. (सावलीत कापडाचा रंग उडत नाही, असंही सांगितलं. धोतर पांढरं होतं.)

अर्ध्या तासाने पाहतो तर दोरीवर बुलबुलांची रांग, आणि धोतरावर जांभळे ठिपके! पाहुणे पंचा नेसून आत चहा पीत होते. दुसरं धोतर त्यांनी आणलंच नव्हतं. मी गुपचूप ते काढलं आणि धुण्याचा सोडा चोळला. जांभळे डाग हिरवे झाले. घाबरून लिंबू पिळलं. हिरवे डाग गुलाबी झाले आणि ऐसपैस पसरले. आता अख्खं धोतरच एका रंगाचं करावं, असं मला सुचलं. घमेलंभर फालसे कुस्करून मी ते त्यात बुडवलं.

"काय करून राह्यले जी?" मागे पाहुणे पंच्यावर उभे होते.

"रंग... एकसारखा करून राह्यलो," मी म्हणालो.

बाबांनी कपाळावर हात मारला. आई दारातच मटकन बसली, तिच्यामागून कमल बाहेर आली.

पाहुण्यांनी घमेल्यात डोकावून पाहिलं. मग कमलकडे वळून म्हणाले, "पोरी, तू काय केलं असतं?"

"आंबट ताकात भिजवलं असतं," कमल मान खाली घालून म्हणाली, "अन् दादाले तिकडं फिरकू देलं नसतं."

पाहुणे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अशीच पोरगी पायजे आमच्या घरात. सुपारी आणा," म्हणाले, आणि बाबांचं धोतर नेसून आनंदाने परत गेले.

कमलच्या हुशारीनं लग्न जमलं, असं आमच्याकडे आजही सांगतात. माझं नाव कोणी घेत नाही. पण मी इतका मूर्ख नसतो, तर तिची हुशारी दिसली कशी असती?