गाळलेला ‘म्हणे’

ठाण्याच्या शाळेत मी मुलांना लिहायला शिकवीत असे. अक्षर वळवून घेणारे पंतोजी वेगळे. माझ्याकडे मोठी मुले येत आणि त्यांनी धड वाक्य लिहावे एवढीच माझी खटपट असे. गावात घडलेली एखादी गोष्ट दर शनिवारी लिहून आणायची, असा मी नेम ठेवला होता. अट एकच. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असेल तर सरळ लिहा. ऐकले असेल तर शेवटी ‘म्हणे’ लिहा. ‘स्टेशनाजवळ बैल उधळला’ आणि ‘स्टेशनाजवळ बैल उधळला म्हणे’ यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे मी इतक्या वेळा घोकवले की पोरे पाठीमागे मला ‘म्हणे मास्तर’ म्हणू लागली. नाव मला मनातून आवडले होते, पण मास्तराने तसे दाखवायचे नसते.

कल्याणच्या एका मुलाने एकदा लिहिले, ‘माझा जन्म कल्याणास झाला म्हणे.’ सारा वर्ग हसत सुटला. मी कारण विचारले तर तो गंभीरपणे म्हणाला, “मास्तर, मी तिथं होतो खरा, पण पाहिल्याचं आठवत नाही.” मी त्याची पाठ थोपटली. इतके प्रामाणिक वाक्य मला पुढे कुणा मोठ्या माणसानेही लिहून दाखवले नाही.

हा शब्द आहेच मोठा गुणी. वाक्याच्या शेवटी बसला की नम्रपणे सांगतो, मी तिथे नव्हतो, चूकभूल द्यावी घ्यावी. तोच पुढे येऊन बसला की नाक मुरडतो: ‘म्हणे विद्वान!’ भल्या भल्या संस्कृत शब्दांना हे साधत नाही. पण माझे एक स्नेही होते, गावातल्या साप्ताहिकाचे संपादक, त्यांना तो डोळ्यांसमोर नको असे. त्यांचे पत्र शिळाप्रेसवर निघे आणि छापण्याआधी मजकुराची भाषा मी तपाशी. संध्याकाळी आम्ही बुद्धिबळे मांडत असू आणि प्याद्यांपेक्षा शब्दांवरच जास्त भांडत असू. “मास्तर,” ते म्हणत, “बातमी कशी ठणठणीत हवी. ‘म्हणे’ आलं की ओटीवरच्या बायकांच्या गप्पा वाटतात.” त्याऐवजी ते ‘असे समजते’ लिहीत. मी विचारी, “समजते कोणाला?” यावर ते वजीर पुढे सरकवीत.

एका उन्हाळ्यात गावात पटकीची साथ आली. साथ आली की माणसाला औषधाच्या आधी गुन्हेगार हवा असतो. नौपाड्यातल्या एका वकिलांनी पत्राकडे मजकूर पाठवला: कोळणी तलावात मासळीच्या पाट्या धुतात आणि त्यामुळे पाणी नासते. मी वकिलांना निरोप पाठवून विचारले, आपण पाहिले काय? उत्तर आले, सगळे गाव म्हणते. मी ‘धुतात’च्या पुढे ठळक ‘म्हणे’ लिहिला आणि मजकूर परत धाडला. अंक हाती आला तेव्हा ‘म्हणे’ गायब होता. संपादकांनी तो नेहमीच्या सवयीने गाळला होता.

आठवड्याच्या आत म्युनिसिपालिटीची सभा भरली. एका मेंबरने अंक वर धरून म्हटले, “हे पाहा, छापून आलं आहे!” एवढा पुरावा पुरेसा झाला. कोळणींनी तलावपाळीवर बसू नये, दूर खाडीकडे बसावे, असा हुकूम निघाला. खाडीकडे मासळी घ्यायला कोण जाणार? तिथे कोळीवाडाच, मासळी घरोघरी.

आमच्या घरी मासळी चालत असे आणि ती देणारी कोळीण ठरलेली होती. चेंदणीच्या कोळीवाड्यातली विधवा बाई, पदरी दोन मुली. तलावपाळीवरची तिची जागा सासूपासून चालत आलेली; तीच तिची शेतीवाडी. ती रिकामी पाटी घेऊन आमच्या दारात आली. रडली नाही, ओरडली नाही.

“मास्तर, आमी तलावान पाट्या धुतो असा छापलाय ना?”

“हो.”

“कोनी बघला?”

वर्षानुवर्षे मी वर्गात विचारत आलो तोच हा प्रश्न. मला राग आला, आणि रागाहून अधिक वाईट वाटले. तसाच उठून मी संपादकांकडे गेलो. बुद्धिबळाचा पट मांडलेला होता, तो मी बाजूला सारला. “कोणी पाहिलं, तेवढं सांगा. नाहीतर आजपासून तुमचा मजकूर तुम्हीच तपासा.”

संपादक हट्टी होते, पण लबाड नव्हते. त्यांनी पगडी घातली आणि आम्ही दोघे बाहेर पडलो. वकील म्हणाले, आपण ऐकले ते देवळातल्या गुरवाकडून. गुरव आम्हाला पाहून चपापला आणि संपादकांना म्हणाला, “मी कुठला बघायला? तुमच्याच घरी ऐकलं. प्रसाद द्यायला आलो होतो, तेव्हा वहिनीसाहेब सांगत होत्या, कोळणी तलावात पाट्या धुतात म्हणे.” संपादकांचा चेहरा उतरला. घरी येऊन त्यांनी बायकोला विचारले. त्या माउलीने पदर सावरून शांतपणे सांगितले, “अहो, तुम्हीच नाही का जेवताना म्हणालात? पाण्याला वास येतो, कोळणी पाट्या धूत असतील.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी तिथेच हसत सुटलो. त्यांची बायको आधी हसली, मग संपादकही. पण हसू ओसरल्यावर ते म्हणाले, “‘धूत असतील’ असं मी म्हणालो. त्याचं ‘धुतात म्हणे’ झालं. आणि ‘धुतात’ मी केलं.” व्याकरणाचा इतका नेमका पाठ मला उभ्या जन्मात कधी देता आला नव्हता.

पुढच्या अंकात पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत मजकूर आला: ‘गेल्या अंकी कोळणींविषयी जे छापले त्यात ‘धुतात’ या शब्दापुढे ‘म्हणे’ असे वाचावे. तो शब्द आम्ही गाळला. पाट्या धुताना कोणीही पाहिलेले नाही.’ गाव हसले. संपादकांची थट्टा झाली, एकदोघांनी वर्गणी बंद करण्याची भाषा केली. त्यांनी तो अंक घेऊन मेंबरांच्या घरांचे उंबरे झिजवले. सभेत त्याच मेंबरने तितक्याच जोरात अंक वर धरला, “हे पाहा, छापून आलं आहे!” आणि हुकूम मागे घेतला गेला. मेंबरांची श्रद्धा शाईवर होती, मजकुराशी त्यांना देणेघेणे नव्हते. असल्या माणसांच्या हाती गाव असते, म्हणून लिहिणाऱ्याने जपायचे असते. संपादक पुढे कधीकधी ‘म्हणे’ लिहीत, आणि लिहिला की मला मुद्दाम दाखवीत. आमची बुद्धिबळे पूर्ववत सुरू झाली.

मी तो अंक कोळणीला वाचून दाखवला. तिने एकदा ऐकले, पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाली, “योक शबूद? मंग त्यो पयलाच का नाय छापला?” ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली.

जागा परत मिळाली, तरी गिऱ्हाइकाच्या मनातला डाग लगेच धुतला गेला नाही. आधीचा मजकूर जसा वाचला तसा खुलासा सर्वांनी वाचला नव्हता. काही दिवसांनी मी तलावपाळीवरून जात होतो. एक बाई आमच्या कोळणीपुढे वाकून बोंबील चाचपत होती. “काय गं, तलावात धुतलेली नाही ना?” कोळणीने मान वर केली. मला वाटले, आता भांडण जुंपणार. ती मात्र पाटीवरचा कपडा दूर करीत, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “धुतली म्हने! तू बघलास का, बाय?” बाजूच्या कोळणी खो खो हसल्या. ती बाईही हसली आणि खाली बसून मासळी निवडू लागली.