मामांच्या गिटारीवरची हळद

माझ्या थोरल्या मामांची इलेक्ट्रिक गिटार मी नवी करून आणली, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आले. खरे तेवढे वगळले.

मामा ऑर्केस्ट्रात वाजवत, तेव्हा जवळा बाजारपासून पुसेगावपर्यंतची माणसे टेम्पो भरून येत. गिटार हैदराबादच्या एका वादकाकडून जुनीच घेतलेली. तिचा लाल रंग मामांच्या कोपराखाली झिजून लाकूड उघडे पडले होते. तिथे नाक नेले की खोबरेलाचा, घामाचा उबदार वास येई. तारांची थरथर पकडणारी तिची कॉइल एकदा जळाली. कळमनुरीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत तांब्याची तार पुन्हा भरून देणाऱ्या कारागिराने ती हाताने पुन्हा गुंडाळली. तेव्हापासून स्वरात बारीक खरखर आली, ज्वारीच्या वाळल्या पानांतून वारा जावा तशी. लोक त्या खरखरीवरूनच मामांना ओळखत. दर खंडेनवमीला मामा गिटारीच्या माथ्यावर हळदकुंकवाचे बोट टेकवत. वर्षानुवर्षांचा थर तिथे साचला होता.

मी हिंगोलीत ज्या महाविद्यालयात शिकवते, तिथे मामांचा सत्कार ठरला. सहकाऱ्यांसमोर ती कळकट गिटार येणार, याची मला लाज वाटली. "जरा पुसून आणते," म्हणून मी ती नांदेडला नेली, नवी कॉइल बसवली, काळा चकचकीत रंग दिला. हळदीचा थर मी स्वतःच्या नखांनी खरवडला. जुनी कॉइल दुकानदाराने भंगारात टाकली, तेव्हा मी समोरच उभी होते.

व्यासपीठावर मामांनी एक ओळ वाजवली. स्वर धुतलेल्या काचेसारखा आला. त्यांनी बटन फिरवले, तीच ओळ वाजवली, पुन्हा बटन फिरवले. ते खरखर शोधत होते, हे त्या सभागृहात बहुधा मलाच कळत होते. माझ्यामागे एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "हे काय वाजवून राहिले? टेप लावली का काय?"

मामांनी माइकवर माझे आभार मानले.

घरी मी विचारले, "मामा, आवडली नाही का?"

"लई बेस हाय, बाई. पाव्हणीवानी दिसून राहिली."

तशीच कॉइल पुन्हा गुंडाळून घ्यायला मी कळमनुरीला गेले. कारागीर आता नव्हता, त्याचा मुलगा म्हणाला, "तार मिळंल ताई. पण बाबा हातानं गुंडाळायचे, कुठं सैल, कुठं घट्ट. माझी मशीनवर हाय, सगळी बराबर बसते."

यंदाच्या खंडेनवमीला मामांनी हळदीचे बोट गिटारीच्या माथ्याशी नेले आणि थांबले.

"वहीचं एक पान दे, माय. तुझा रंग खराब व्हईल."

मी पान फाडून दिले. ते गिटारीपुढे ठेवून त्यांनी कागदावर बोट टेकवले.